उठलेल्याची जागा

१

रविवारी दुपारी चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं असे, आणि त्याखालून आत शिरताना मेणबाईचं डोकं दर वेळी आपटे. इतक्या वर्षांत किती वाकायचं हे तिला कळलं नव्हतं आणि कळेल ही आशा बाकीच्यांनी सोडून दिली होती. "आली!" आतून ड्रायव्हर ओरडे. "शटरला फार लागलं नाही ना?"

मेणबाई हे काही तिचं नाव नव्हे. ती दातांच्या कवळ्या बनवायची. दिवसभर मेण वितळवायचं, त्यात दात रोवायचे, घासायचे. नखांत कायम गुलाबी मेण, म्हणून दोस्तांनी हे नाव चिकटवलं होतं. दोस्त तिघं. दुकानाचा मालक चष्मेवाला, शहर बस चालवणारा ड्रायव्हर, आणि तोंडात टाचण्या धरून बोलणारी शिंपीण. सगळ्यांची चाळिशी उलटलेली. असली घोडी माणसं डोळे तपासायच्या काळोख्या खोलीत टेबलाभोवती फासे टाकत बसतात, कोणी पहारेकरी होतं, कोणी चेटकीण होतं आणि दुपारभर दुसऱ्याच जगात हिंडतात, हे घरी सांगणं म्हणजे स्वतःचं हसं करून घेणं. मेणबाई मात्र बाबांना सगळं सांगायची. घरात ती आणि बाबा, दोघंच. बाबांच्या उजव्या खुब्याचं हाड मोडून जोडलेलं होतं. खिडकीजवळच्या हातांच्या वेती खुर्चीत डाव्या अंगावर रेलून ते तिची वाट बघत आणि ती आली की विचारत, "मग, मेला का तो राक्षस?" फार वेळ उभं राहणं त्यांना झेपत नसे. त्यांचं सगळं जग त्या खुर्चीत होतं.

खेळ चालवायचा चष्मेवाला. तो जग सांगायचा, बाकीचे त्यात वावरायचे. त्या बाकी प्रत्येकाची एक बोटभर बाहुली होती, मेणबाईनेच घडवलेली आणि रंगवलेली. टेबलाचा एकच कडक कायदा होता. बाहुलीवर बोट ठेवून बोललात तर ते पात्र बोललं. बोट नसेल तर बोललात ते तुम्ही, स्वतः. भांडणं टाळायला केलेला नियम, पण त्यावरून चेष्टाच जास्त व्हायची. "जाळून टाकते मी हे गाव," असं शिंपीण बोट न ठेवता बोलून गेली की ड्रायव्हर लगेच खिशात हात घाली. "काडेपेटी देऊ?"

आणि चष्मेवाला कधी बसत नसे. भिंतीला खांदा टेकून उभ्या उभ्या खेळ चालवायचा, चहा प्यायचा, फासे टाकायचा. गिऱ्हाइकांचे डोळेही उभ्यानेच तपासायचा. पिंढऱ्यांवरच्या शिरा फुगून निळ्या पडल्या होत्या. "बसलो की झोप येते," म्हणायचा. बायको त्याला सोडून बहिणीकडे राहायला गेली तेव्हा मेणबाईने कितीतरी दिवस त्याला डबा पोचवला. तेव्हाही तो ओट्याशी उभा राहूनच जेवायचा. माणसाची एकेक तऱ्हा असते. जवळच्या माणसाला असलं काही विचारू नये, एवढी समज तिला होती.

२

त्या रविवारी भूत घडवायचं होतं.

"आधी भूत म्हणजे काय ते ठरवा," चष्मेवाला म्हणाला. "प्रत्येक खेळाचं भूत वेगळं. एका खेळात भूत म्हणजे मेलेल्यांमधली एक पायरी, सांगाड्याच्या वरची. साध्या तलवारीने लागत नाही, मंतरलेलीने लागतं. दुसऱ्यात भूत म्हणजे घराला राहिलेली आठवण. तिसऱ्यात तर जिवंत माणसाचाच सुटलेला तुकडा. आपल्या जगात काय?"

"भिंतीतून जाणारं," ड्रायव्हर म्हणाला. "आणि बिनातिकीट."

"कोटाला अस्तर लावायचं राहून गेलेला शिंपी," शिंपीण म्हणाली. "काम पुरं झाल्याशिवाय जात नाही."

चष्मेवाला हसला नाही. "मी सांगू? ते कोणाचंच भूत नाही. कोणी मेलेलं नाही. त्याला फक्त बसायचं असतं. माणूस उठला की जागा थोडा वेळ गरम असते ना, तेवढ्यात ते बसतं. गार जागेवर त्याला बसता येत नाही. आणि कोणी आपल्या तोंडाने 'माझ्याकडे ये' म्हटल्याशिवाय एक घर सोडून दुसऱ्या घरात जाता येत नाही."

"हे कसलं भूत?" ड्रायव्हर म्हणाला. "याला एक स्टूल दिलं की काम झालं." पण त्याच्या आवाजात नेहमीची मजा नव्हती, आणि तो कपात बघत होता.

मेणबाईची बाहुली त्या दिवशी टेबलावर नव्हती. आदल्या रविवारी चष्मेवाल्यानेच ती नेली होती. तळ सुटतोय, चिकटवून आणतो म्हणाला होता. "अरे, घरीच राहिली बघ," तो आता म्हणाला. "आज अशीच खेळ."

मग त्याने सांगितलं, एक पडकी सराय आहे. सराईचा मालक आयुष्यभर उभा आहे. त्याच्या सगळ्या खुर्च्या गेल्या, बायको गेली. तो वाटसरूंचे पाय धरतोय, कोणीतरी हे घेऊन जा म्हणतोय. शिंपिणीने बाहुलीवर बोट ठेवून नाही म्हटलं. ड्रायव्हरने बोट ठेवून नाही म्हटलं. चष्मेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं; काय सोंग वठवतो हा, असं मेणबाईला वाटलं. तिचं पात्र वैदूबाईचं, मनाने हळवं.

"ये माझ्याकडे," ती म्हणाली. "माझ्या घरी बसायला पुष्कळ जागा आहे."

"बोट कुठाय?" असं कोणी ओरडलं नाही. मग चष्मेवाल्याने मागे हात नेऊन एक खुर्ची चाचपली आणि थंडगार पाण्यात उतरावं तसा हळूहळू तिच्यावर बसला.

"आई गं," तो डोळे मिटून म्हणाला.

३

घरी आल्यावर तिने बाबांना सरायवाल्याची गोष्ट सांगितली. "घेतलंस ते बरं केलंस," बाबा म्हणाले. "एवढं तेवढं कोणाला नडतं?"

स्वयंपाकघरात एक स्टीलचं स्टूल होतं. त्यावर बसून तिने भाजी निवडली, मग उठून कपडे वाळत घातले, शेजारणीशी गॅलरीतून गप्पा मारल्या, बाबांच्या गोळ्या काढून ठेवल्या. परत येऊन स्टुलावर बसली आणि ताडकन उठली. स्टूल गरम होतं. उन्हाने तापतं तसं नव्हे. बसमध्ये कोणी उठल्यावर लगेच त्याच्या जागी बसलं की लागते तशी ती परक्या अंगाची ऊब होती.

बाबा तर बाहेरच्या खोलीत होते. खिडकीतून ऊन येतं म्हणावं तर सूर्य घराच्या मागे गेलेला. शेगडी जवळ होती, पण ती बंद होती. शेगडीचीच धग असणार, असं तिने ठरवून टाकलं आणि भाजी फोडणीला टाकली. स्टुलाकडे पाठ करायचं मात्र तिने टाळलं, आणि आपण टाळतोय हे लक्षात येऊन स्वतःशीच हसली. चाळिशीची बाई आणि खेळातल्या भुताला भिते!

दुसऱ्या दिवशी जेवायच्या टेबलाची एक खुर्ची तशीच लागली. मग दुसरी.

४

बाबा खिडकीची चौकट धरून उभे होते.

ती कामावरून आली तर हे असं. पाय थरथरत होते, कपाळावर घाम होता. "अहो बाबा, बसा ना! काय चाललंय हे?"

"बसतो," बाबा म्हणाले. "ते जरा उठलं की बसतो."

"कोण उठलं की?"

बाबा ओशाळले. पाहुण्यासमोर मुलीने काहीतरी वेडंवाकडं विचारावं तसे ते खुर्चीकडे बघून अवघडून हसले. "मी बाथरूमला गेलो होतो. आलो तर..." त्यांनी हाताने खुर्ची दाखवली. खुर्ची रिकामी होती. गादीला त्यांच्या बसण्याचा जुना खळगा पडलेला होता, तेवढाच.

तिने त्यांना दोन्ही दंड धरून बसवायचा प्रयत्न केला. तेव्हा तिला दिसलं की बाबांना बसणं जमतच नाहीये. गुडघा वाकवायचा, भार मागे टाकायचा, हे सगळं ते आठवून आठवून करत होते आणि मध्येच अडत होते. "कसं करायचं असतं गं हे?" असं त्यांनी अगदी खालच्या आवाजात विचारलं.

डॉक्टर म्हणाले, या वयात मेंदू एकेक गोष्ट सोडत जातो. कोणी बोलणं विसरतं, कोणी घास गिळणं. तुमचे वडील बसणं विसरतायत. कधीकधी आपोआप आठवतंही. तिला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा हवं तर. आडवं व्हायला बाबांना अजून जमत होतं, म्हणून पलंगाच्या कडेशी आधार देऊन ती त्यांना एकदम निजवायची आणि सकाळी एकदम उभं करायची. मधली पायरी गेली होती.

५

पण डॉक्टरांनी स्टुलाचं काही सांगितलं नव्हतं. तिने विचारलंच नव्हतं. विचारणार तरी काय?

तिच्या कामात मेणाची एक फार नरम जात असते. चावा कसा बसतो ते उमटवायला ती वापरतात. तळहातावर ठेवली तरी वाकते. तिने त्यातली एक कागदासारखी पातळ पत्री घरी आणली. सुट्टीचा दिवस होता, भर दुपार. बाबांना खुर्चीवर बसवायला शेजारच्या माणसाची मदत घेतली, बराच वेळ दोघांनी त्यांना तिथे धरून ठेवलं, मग उठवलं आणि गरम गादीवर लगेच ती पत्री पसरली. बाबांना पलंगावर निजवून त्यांचा हात हातात धरून ती तिथेच उभी राहिली. दार उघडं होतं. बाहेरच्या खोलीतून काही आवाज आला नाही. फक्त खुर्चीचा वेत एकदा करकरला, बाबा बसले की करकरायचा तेवढाच.

ती बाहेर गेली. मेण दबलं होतं.

दिवसभर मेणात उमटलेली तोंडं वाचणं हाच तिचा धंदा. कोण कुठल्या बाजूने चावतो, कोणाचा कुठला दात दुखतो, हे ती माणूस न बघता सांगायची. तिने पत्री खिडकीशी धरली. दोन खळगे होते. डावा खोल, उजवा उथळ. उजव्या खुब्यावर भार न देता, डाव्या अंगावर रेलून कोणीतरी बसलं होतं.

आत बाबा पलंगावर आडवे होते आणि तिला हाक मारत होते. त्यांचा आवाज खराच होता. तिने पत्री चुरगाळली आणि बराच वेळ बोटांत मळत राहिली, तिचा गोळा होऊन आकार पार जाईपर्यंत. हात धुतले तरी तिच्या बोटांना ती ऊब लागतच होती.

६

चष्मेवाला एका गिऱ्हाइकासमोर फिरत्या स्टुलावर बसून भिंगं बदलत होता. "हे स्पष्ट दिसतंय की हे?" स्टूल गोल गोल फिरवायची त्याला गंमत वाटत होती, तेही तिला दिसलं. गिऱ्हाईक जाईपर्यंत ती काउंटरशी थांबली.

"माझी बाहुली दे."

त्याने खण उघडून बाहुली पुढे केली. तिने उलटी करून पाहिली. तळ पक्का होता. तिने स्वतः बसवलेला, कडेने नखाने गुळगुळीत केलेला सांधा जसाच्या तसा होता.

"तळ सुटलाच नव्हता."

"नाही," तो म्हणाला. "बस ना." आणि जीभ चावली.

"बाबा उभे आहेत रे घरी. मोडक्या खुब्यावर उभे आहेत."

तो कापडाने एक भिंग पुसायला लागला. "तुला सांगणार होतो. देवाशपथ. किती वेळा तोंड उघडलं. पण सांगून कोण घेणार? तू उभी राहिली आहेस का कधी? म्हणजे वर्षानुवर्षं? माझी बायको दिवाणावर बसायला भ्यायची. भिंतीशी उकिडवी झोपायची."

"मग मला का? इतके लोक आहेत गावात."

"जो घरात जास्त बसतो, त्याचंच ते घेतं," चष्मेवाला म्हणाला. "तुला फारसं नाही लागणार. मी सगळा विचार केला होता, मेणबाई. बाबांचं वय झालंय. म्हटलं, थोडक्यात आटपेल."

तिला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं, आणि तिने काउंटरची कड धरली. ज्या माणसाला तिने डबे पोचवले होते, त्याने तिच्या घरात बसलेलं म्हातारं माणूस हेरलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि किती मऊ आवाजात, भिंग पुसता पुसता! तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

"बाबा तुझी रोज चौकशी करतात," एवढंच ती म्हणाली. "चष्मेवाल्याचे पाय कसे आहेत म्हणून."

७

त्या आठवड्यात पलंगही गेला. सकाळी बाबांना उठवून ती चादर झटकायला वळली तर गादी दबलेली होती, डाव्या कुशीवर. त्यानंतर बाबांना आडवंही होता येईना. जमिनीवर अंथरलं, एक डुलकी झाली, मग तीही जागा गेली. बाबा कपाटाला टेकून, दाराला टेकून, तिला टेकून उभे राहत. पाय सुजून चपला होईनात. "तुझे हाल करतोय मी," म्हणत. बाबांना टेकायला जागा हवी, बाकी तिला आता काही सुचत नव्हतं.

रविवारी ती खेळायला गेली. काय मनात धरून गेली हे तिला पक्कं माहीत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती. ड्रायव्हर चेष्टेखोर. बोलता बोलता बोट उचलेल. 'माझ्याकडे ये' एवढं एक वाक्य काढून घ्यायचं, बस.

आत शिरली तर तिघं बसले होते. शिंपिणीने आपली बाहुली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली होती आणि तिच्यावर मूठ आवळली होती. ड्रायव्हरचं उजवं बोट बाहुलीवर दाबलेलं, डाव्या हाताने चहा पिताना तो शर्टावर सांडत होता. आणि चष्मेवाल्याची आजवर कधी बाहुलीच नव्हती, खेळ चालवणाऱ्याला ती लागत नाही. पण आज त्याच्याही बोटाखाली एक होती. बाजारातून आणलेली, प्लास्टिकची.

"ये ये," चष्मेवाला म्हणाला. बोट हललं नाही.

मेणबाईने एकेकाकडे पाहिलं. ड्रायव्हर कपात बघत होता.

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं," ती म्हणाली.

शिंपिणीने तोंडातली टाचणी काढली. "अगं, माझा धंदाच बसायचा. मशीनवर उभी राहून शिवू का मी?"

"माझी तर बस आहे," ड्रायव्हर म्हणाला. "साठ माणसं असतात मागे."

"म्हणजे तिघांनी मिळून ठरवलंत."

"ठरवलं असं नाही गं," ड्रायव्हर म्हणाला. "बोलणं झालं होतं."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. ओरडायचं तरी कोणावर? यांच्याशिवाय तिला दुसरं कोण होतं? तिने तिघांच्या बोटांखालच्या बाहुल्या पाहिल्या. दोन तिने रंगवलेल्या, बारीक कुंचल्याने, डोळ्यांतल्या पांढऱ्या ठिपक्यासकट. त्यांच्या डोक्यांवरचा रंग घामाने निघून आला होता.

"फासे टाकायचे का?" चष्मेवाल्याने विचारलं.

८

घरी आली तेव्हा संधिप्रकाश होता आणि दिवा लागलेला नव्हता. बाबा खुर्चीत बसले होते.

डाव्या अंगावर रेलून, नेहमीसारखे, खिडकीकडे तोंड करून. मान जरा कललेली. झोप लागली असावी. तिच्या तोंडून "बाबा" एवढंच निघालं. जमलं त्यांना! डॉक्टर म्हणाले होतेच, कधीकधी आपोआप आठवतं. दिवा लावून त्यांची झोप मोडायला नको म्हणून ती चपलाही न काढता तशीच खुर्चीपाशी जमिनीवर बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं.

गुडघा उबदार होता. मग तिला जे रडू आलं ते थांबेना. तिने सगळं सांगितलं. बाहुलीचा तळ, टाचणी, सांडलेला चहा, 'बोलणं झालं होतं'. "मी यांचं काय वाकडं केलं होतं हो?" असं ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. "मी काय केलं होतं?"

एक हात तिच्या डोक्यावर आला. केसांतून हळूहळू फिरायला लागला, मागून पुढे, लहानपणी ताप आला की फिरायचा तसा. त्या आठवड्यात तिला कोणी मायेने हात लावला नव्हता. ती शांत झाली. खुर्चीचा वेत एकदा करकरला.

"आलीस का गं?" बाबांचा आवाज गॅलरीतून आला.

काचेच्या दारापलीकडे, तिच्याकडे पाठ करून, दोन्ही हातांनी कठडा धरून ते उभे होते. उजवा पाय अधांतरी उचललेला, डावा लटपटत होता.

"जरा येऊन धरतेस का मला? आता नाही उभं राहवत."

तिने मान वर केली नाही. वर बघितलं नाही. केसांतला हात थांबला नव्हता, त्याने तिला दाबूनही धरलं नव्हतं. उठायचं असतं तर तिला उठता आलं असतं. बाहेर कठड्याचा लोखंडी नळ थरथरल्याचा बारीक आवाज येत होता.

"आले हं बाबा," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर डोकं ठेवून तशीच बसून राहिली.